होळकर बाहेरच का राहिले?

(वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



येथून वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो. आज ती केवळ जिल्ह्याची हद्द आहे. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने ती राज्याची सीमा झाली होती. नदीपश्चिमेचा वऱ्हाड दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या हातून गेला आणि इंग्रजांनी तो निजामाच्या पदरात टाकला. कटकही त्याच तहात गेले.

असई आणि अडगाव येथे शिंदे-भोसले इंग्रजांशी लढत होते, तेव्हा यशवंतराव होळकर कोठे होते? २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा धुव्वा उडवणारा हा सेनानी या युतीत का आला नाही? ‘फितुरी’ हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. तो उच्चारण्यापूर्वी थोडे मागे जाऊ.

१७९७ मध्ये पुण्यात शिंद्यांच्या फौजेने त्यांचे बंधू मल्हारराव यांना ठार केले. मल्हाररावांचा तान्हा मुलगा खंडेराव शिंद्यांच्या ताब्यात गेला. यशवंतराव आश्रयासाठी आपल्या नागपुरास आले, तर रघुजींनी शिंद्यांच्या सांगण्यावरून त्यांना कैदेत टाकले! १७९८ मध्ये ते निसटले. १८०१ मध्ये बाजीरावाने दुसरे बंधू विठोजी यांना हत्तीच्या पायी दिले. यशवंतराव काही गरीब गाय नव्हते. त्याच वर्षी त्यांनी उज्जैन लुटले आणि शिंद्यांनी इंदूर लुटून त्याची भरपाई केली.

१८०३ मध्ये समेटाची बोलणी झाली. मध्यस्थ कोण? तेच रघुजी. त्यांचा हेतू प्रामाणिक होता, असे मी मानतो. पण इंग्रज हरल्यावर पुढची पाळी आपली नाही, याची हमी होळकरांना कोण देणार? ती द्यायची पेशव्यांनी. आणि ते तर ३१ डिसेंबर १८०२ लाच वसईत इंग्रजांच्या आश्रयाला गेलेले.

सोव्हिएत रशियाने १९५४ मध्ये नाटोत येण्याची तयारी दाखवली, ती नाकारली गेली. पुढच्याच वर्षी कालचा शत्रू पश्चिम जर्मनी मात्र आत आला. जर्मनी दुसऱ्याच्या नेतृत्वाखाली उभा राहायला तयार होता. रशिया बरोबरीचा मान मागणार होता. शिंद्यांपुढेही हाच पेच होता.

१८०४ मध्ये होळकर एकटेच लढले. त्यांनी मॉन्सनच्या फौजेला मुकुंदऱ्यापासून आग्र्यापर्यंत पिटाळले. त्या ऑगस्टअखेरीस देवगावच्या तहाला आठ महिने उलटून गेले होते.