‘आपल्या देशात ही सोय उपलब्ध नाही’

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या चालकांनी आमच्याकडे ‘नवी यंत्रे व आपली घरे’ असा विषय सोपविला होता. विषय ऐसपैस, वेळ मात्र अर्ध्या तासाचा. तेव्हा एकाच यंत्राविषयी आणि त्याच्या एकाच दुर्गुणाविषयी बोलावे असे आम्ही ठरविले. यंत्र म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांच्या खिशात व काहींच्या दिवाणखान्यात असलेला तो बोलता नोकर, व्हॉइस असिस्टंट. सिरी, अलेक्सा, गूगल असिस्टंट ही त्याची प्रसिद्ध नावे होत. दुर्गुण असा की, जाहिरातीत जे काम तो हसतमुखाने करताना दिसतो, तेच आपण सांगितले असता ‘आपल्या देशात ही सोय उपलब्ध नाही’ एवढे बोलून मोकळा होतो.

तरुण मंडळींना यात विशेष काही वाटणार नाही. ज्याचे डोळे शाबूत आहेत व बोटे चालतात, त्याला हे यंत्र म्हणजे एक चैन आहे; ते न चालल्यास त्याचे काही अडत नाही. परंतु काचबिंदूने दृष्टी गेलेल्या आजीला, कंपवाताने हात थरथरणाऱ्या आजोबांना, किंवा अक्षरओळख नसलेल्या बाईला तोंडाने नाव सांगून मुलीला फोन लावता येणे ही चैन नव्हे. आपल्या ज्ञातीतील किती घरांत आज वृद्ध माणसे एकटी राहतात आणि मुले परदेशी आहेत, हे या सभेला आम्ही सांगावयास नको. परदेशी असलेला मुलगा मोठ्या प्रेमाने हे यंत्र आईसाठी पाठवितो, आणि ज्या कामासाठी पाठविले तेच नेमके येथे होत नाही. या विषयाची आम्हांस जी तळमळ वाटते ती येथून आलेली आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. १४ ऑक्टोबर २०११ रोजी ॲपल कंपनीचा आयफोन ४एस हा फोन अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स, जर्मनी व जपान या देशांत एकाच दिवशी विक्रीस आला. त्याचे मोठे आकर्षण सिरी हेच होते. सिरीला इंग्रजी, फ्रेंच व जर्मन कळत असे, जपानी कळत नसे. टोकियोच्या गिऱ्हाइकाने पैसे ऑक्टोबरात मोजले, आणि त्याची भाषा सिरीला कळू लागली ती मार्च २०१२ मध्ये. बरे, लंडनच्या वा टोरांटोच्या माणसाचे इंग्रजी तर तिला कळत होते ना? पण जवळचे उपाहारगृह कोठे आहे, अमुक ठिकाणी कसे जावे, असे विचारताच ती सांगे की ही माहिती आपण अमेरिकेपुरतीच देऊ शकतो. ही मर्यादा पुष्कळशी सैल झाली ती सप्टेंबर २०१२ पासून. भारतात तो फोन नोव्हेंबर २०११ मध्ये आला. भारतीय धाटणीचे इंग्रजी मात्र सिरीच्या भाषांत एप्रिल २०१५ मध्ये दाखल झाले. मधल्या साडेतीन वर्षांत आपली माणसे स्वतःच्या फोनशी बोलताना ओठ वाकडे करून अमेरिकन उच्चार काढीत असत, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेले आहे. कंपनीने प्रारंभी सिरीवर ‘बीटा’, म्हणजे चाचणीच्या अवस्थेतील वस्तू, असा शिक्का मारून ठेवला होता हे खरे. फोनच्या किमतीवर तसा शिक्का नव्हता.

ॲमेझॉन कंपनीच्या अलेक्साची कथा याहून उद्बोधक आहे. तिचा ‘इको’ हा बोलता डबा अमेरिकेत नोव्हेंबर २०१४ मध्ये निघाला. ब्रिटन व जर्मनीची पाळी २०१६ मध्ये आली, भारताची ऑक्टोबर २०१७ मध्ये. आणि कॅनडाची? डिसेंबर २०१७ मध्ये. अमेरिकेला खेटून बसलेला, बव्हंशी इंग्रजी बोलणारा, धनसंपन्न देश. त्यास आपल्याही मागून वाढण्यात आले. तेव्हा ही पंगत जवळीक पाहून बसत नाही आणि निव्वळ श्रीमंती पाहूनही बसत नाही. कोणत्या बाजारात शिरण्याची निकड कंपनीस केव्हा वाटते, यावर पान मांडले जाते. भारताच्या बाजाराची ओढ त्या वेळी मोठी होती, म्हणून आपला नंबर आधी लागला, एवढाच त्याचा अर्थ आम्ही घेतो.

या मधल्या काळात पुष्कळ घरांत असे डबे प्रवासी पेट्यांतून आले. आमच्या निकटच्या नात्यातील एका घरी २०१६ च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीहून एक आला. कंपनीचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. यंत्र सुरू करावयास पत्ता मागे, आणि अमेरिकेबाहेरचा पत्ता त्यास काही केल्या मान्य होईना. शेवटी पुतण्याचाच पत्ता घातला. तेव्हापासून काकूंनी ‘आज हवा कशी?’ म्हणून विचारले की ते न्यू जर्सीची हवा सांगे, तीही फॅरनहाइटमध्ये. पहाटे पाचचा म्हणून लावलेला गजर दुपारी अडीच वाजता, घरात सर्वांचा डोळा लागला असताना, ठणाणा करू लागला. काका म्हणाले, ‘हे यंत्र अजून विमानातून उतरलेच नाही!’ आम्ही सर्व हसलो. परंतु काकूंची दृष्टी अधू आहे, आणि घड्याळ दिसत नाही म्हणूनच ते यंत्र आणले होते.

आता, असे का होते? तक्रार करणाऱ्याने कारण समजून घ्यावे, नाहीतर तक्रार चुकीच्या दारात जाऊन पडते. नाट्यगीत लाव म्हटले असता यंत्र ते गाते, त्याच्यामागे त्या गीताच्या हक्काचा करार असतो, आणि असे करार देशागणिक वेगळे करावे लागतात. स्पॉटिफाय ही गाण्यांची प्रसिद्ध पेढी भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये आली. तोवर तिच्यावर विसंबलेली कोणतीही सोय येथे मुकीच राहणार. डब्यावरून साध्या टेलिफोनला फोन लावावयाचा तर त्या देशाच्या दूरसंचार कायद्याशी गाठ पडते. दुकानांचे पत्ते व वेळा कोणीतरी गोळा करून अद्ययावत ठेवाव्या लागतात. या अडचणी खऱ्या आहेत, आणि त्यांबद्दल कंपनीस दोष देणे आम्हांस न्याय्य वाटत नाही.

काही वेळा मात्र कायद्याचे नाव पुढे करून हिशेब दुसराच चाललेला असतो की काय, अशी शंका येते. जून २०२४ मध्ये ॲपलने जाहीर केले की ‘ॲपल इंटेलिजन्स’ या नावाच्या नव्या सोयी, ज्यांत सुधारलेली सिरीही होती, त्या वर्षी युरोपीय संघाच्या देशांना मिळणार नाहीत; कारण तेथील डिजिटल बाजारविषयक कायदा. युरोपीय आयोगाच्या स्पर्धाविषयक प्रमुख मार्गरेट व्हेस्टागर यांनी त्यावर रोखठोक सुनावले की, स्पर्धेचा नियम आला म्हणून माल मागे घेणे ही स्पर्धा नको असल्याचीच कबुली होय. अखेर एप्रिल २०२५ च्या सुमारास त्या सोयी युरोपातील फोनांवर पोहोचल्या. पॅरिस व बर्लिनच्या माणसांवरही हाच प्रसंग आला, हे पाहून आपल्यातील कोणाला समाधान वाटत असेल तर ते आम्हांस पटत नाही. दोन बलाढ्यांच्या भांडणात गिऱ्हाइकाचे दाम अडकून पडले, तो पॅरिसचा असो वा परळचा.

कारणे काहीही असोत, ती गिऱ्हाइकाला कळत नाहीत हे आमचे खरे गाऱ्हाणे आहे. करार झाला नाही, कायदा आडवा आला, भाषा शिकविली नाही, की नफा दिसला नाही? चारही प्रश्नांना उत्तर एकच: उपलब्ध नाही. कधी येणार, हेही नाही. खोक्यावर ठळक अक्षरांत सोयींची यादी असते, आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेले असते की देश व भाषा यांप्रमाणे सोयींत फरक पडू शकेल. कोणत्या देशात कोणता फरक? ते शोधण्यासाठी इंग्रजी वाचता यावे लागते, आणि कंपनीच्या संकेतस्थळाचे चार जिने उतरावे लागतात. औषधाच्या बाटलीवर ‘परिणामात फरक पडू शकेल’ एवढेच लिहून चालले असते काय? फोनमधला देश बदलून पाहावा म्हटले तर ॲपलच्या खात्यात आधी शिल्लक पैसे संपवावे लागतात आणि चालू वर्गण्या बंद कराव्या लागतात. ज्याचा मुलगा दुबईत, सून टोरांटोत आणि आई साताऱ्यात, अशा कुटुंबाला ‘तुमचा देश कोणता?’ या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देणेच मुळी कठीण.

भाषेची गोष्ट निराळी आहे, आणि तेथे आपल्यालाही काही करता येण्याजोगे आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा म्हणून सांगणारे सुमारे ८ कोटी ३० लक्ष लोक होते. तरी गूगल असिस्टंटला मराठी येऊ लागली ती २०१८ च्या ऑगस्टात. सिरी २०२४ मध्ये भारतीय इंग्रजीत मिसळलेली मराठी ऐकू लागली. अलेक्सा २०१९ मध्ये हिंदी शिकली. आमचे आभार आहेत. परंतु ‘मराठी येते’ म्हणजे किती येते? आपली भाषा यंत्रास सोपी नाही. ‘चार’ आणि ‘चमचा’ यांतील च लिहिताना एक, बोलताना दोन. ‘घर’ या एका शब्दाची घराला, घरापासून, घरासमोरच्या अशी कितीतरी रूपे. वृद्ध मनुष्य ‘पावणेसहाला उठव’ म्हणतो, ‘पाच वाजून पंचेचाळीस मिनिटांनी’ असे तो जन्मात म्हणणार नाही. ‘अडीचशे’, ‘सव्वासात’, ‘एकोणऐंशी’ या शब्दांवर यंत्र अडखळते तेव्हा आजोबांना वाटते की आपलेच बोलणे बिघडले, आणि ते गप्प बसतात. शिवाय मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी बोलणाऱ्या घरांचे काय? पुस्तकी मराठी ऐकून तयार झालेल्या कानाला ती बोली परकीच.

यंत्राचा कान तयार होतो तो पुष्कळ माणसांचे बोलणे ऐकून. हजारो लोकांनी उच्चारलेली वाक्ये आणि त्यांचा लिखित पाठ जोडीने द्यावा लागतो. ते कोणी द्यावे, याविषयी आइसलँडचे उदाहरण आम्हांस मोठे मननीय वाटते. चार लाखांनाही न पोहोचणारी त्यांची लोकसंख्या, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम शहराएवढी. एवढ्या थोड्या गिऱ्हाइकांसाठी कोणती कंपनी धावून येणार? त्यांनी रडगाणे गायिले नाही. सरकारने भाषातंत्रासाठी अनेक वर्षांची योजना आखून पैसा दिला, रेक्याविक विद्यापीठाने लोकांचे आवाज गोळा करण्याची मोहीम चालविली, शाळाशाळांत वाक्ये अधिक कोण वाचतो याची चढाओढ लागली. तयार झालेली साधने कोणासही वापरण्यास मोकळी ठेवली. नंतर २०२२ च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष गुडनी योहानेसन शिष्टमंडळ घेऊन अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांच्या दारी गेले. ते रिकाम्या हातांनी गेले नव्हते, हा त्यातील मुद्दा आहे.

आपल्याकडेही सोय नाही असे नाही. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ उपक्रमात ‘भाषादान’ नावाने लोकांकडून भाषेची सामग्री घेतली जाऊ लागली. मोझिला संस्थेच्या ‘कॉमन व्हॉइस’ या संग्रहात मराठीला स्थान आहे. त्यातील पद्धत सुटसुटीत आहे: पडद्यावर एक वाक्य येते, ते मोठ्याने वाचावयाचे, दुसऱ्या कोणी ते ऐकून बरोबर की चूक सांगावयाचे, दोघांनी बरोबर म्हटले की ते वाक्य पक्के. अशा संग्रहांत बहुतेक भाषांत तरुण पुरुषांचेच आवाज अधिक भरतात. म्हणजे ज्यांना या यंत्राची गरज सर्वांत अधिक, त्या वृद्ध स्त्रियांचा आवाज त्याच्या कानी सर्वांत कमी पडतो.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आमची एक सूचना आहे. संस्थेच्या वाचनालयात रविवारी सकाळी दोन तास एक फोन व एक शांत खोली द्यावी. वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी वडीलधाऱ्यांस बसवून वाक्ये वाचून घ्यावीत. ज्यांस दिसत नाही त्यांस विद्यार्थ्याने वाक्य सांगावे व त्यांनी ते म्हणावे. मात्र एक गोष्ट प्रत्येकास आधी स्वच्छ सांगितली पाहिजे. कॉमन व्हॉइसला दिलेला आवाज सर्वांचा होतो. जिच्यावर आपण आज रागावलो आहोत ती कंपनीही तो फुकट वापरू शकते. ते मान्य असेल त्यानेच द्यावा, आणि मुलांचा आवाज आईबापांस विचारल्यावाचून घेऊ नये. हरकत असलेल्या माणसास कोणी भीड घालू नये.

परदेशस्थ बांधवांस दुसरी विनंती. आईसाठी यंत्र घेण्यापूर्वी, ते ज्या गावी चालावयाचे त्या गावच्या एखाद्या परिचिताकडे तेच यंत्र अर्धा तास मागून घ्यावे, आणि फोन लावणे, गजर, औषधाची आठवण ही तीन कामे आईच्याच तोंडून सांगवून पाहावी. तेथे ती झाली तर पैसे मोजावे. न झाल्यास दुकानदारास कारणासह लेखी कळवावे, आणि त्या पत्राची एक प्रत संस्थेच्या चिटणिसांकडे द्यावी; अशी पंचवीस पत्रे जमली म्हणजे ग्राहक पंचायतीकडे जाण्यास आम्ही स्वतः बरोबर येऊ.