किमया, कूटलिपी आणि गंजिफा

श्रोतेहो, 'किमया' हा शब्द आपण सहज बोलून जातो. सुगरणीने मूठभर पिठात घरभर माणसे जेवू घातली, की म्हणतो, 'काय किमया केली हो!' शब्द अरबीतून आलेला. हलक्या धातूचे सोने करण्याची विद्या, हा त्याचा जुना अर्थ. तोच शब्द युरोपात गेला आणि त्यातूनच रसायनशास्त्राचे 'केमिस्ट्री' हे नाव निघाले. या विद्येच्या जोडीला गुप्त अक्षरे आणि गूढ चित्रेही येतात. त्यांचे नाते आज पाहू. कारण पाऱ्याचे सोने करून देतो म्हणणारा भामटा आजही एखाद्या दारात उभा राहतो.

आपल्याकडे या विद्येला रसविद्या म्हणत. 'रस' म्हणजे पारा. 'रसरत्नसमुच्चय' या संस्कृत ग्रंथात रसशाळा कशी असावी, यंत्रे कोणती, हे नीट सांगितले आहे. पारा हा शिवाचा अंश, गंधक पार्वतीचा, अशी त्यातली भाषा. ऐकताना गूढ वाटते खरे. पण पारा आणि गंधक खलात घोटले, की काळीभोर कज्जली होते. ती काचेच्या कुपीत भरून वाळूच्या उष्णतेवर तापवली, की तांबडा रससिंदूर मिळतो. शिवपार्वतीच्या मीलनाआड एक खरी रासायनिक क्रिया आहे.

सोने मात्र असे होत नाही. पारा आणि सोने ही दोन स्वतंत्र मूलद्रव्ये. भट्टीच्या आचेने एकाचे दुसरे होत नाही. मग भामटा सोने दाखवतो कसे? पाऱ्यात सोने विरघळते. तो आधीच थोडे सोने पाऱ्यात मुरवून आणतो. तुमच्यासमोर तापवतो, पारा वाफ होऊन उडतो, तळाशी सोने उरते. पुढे तो दागिने मागतो, 'दुप्पट करून देतो' म्हणतो. दागिने तर जातातच. वर त्या वाफेचे विष घरातल्यांच्या छातीत जाते. हा प्रयोग कुणी करून पाहू नये.

आता अक्षरांकडे वळू. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून सांकेतिक लिप्या केल्या. सकळ लिपी, सुंदरी लिपी ही त्यांतली नावे. नेहमीच्या अक्षराऐवजी ठरवलेले दुसरे अक्षर किंवा खूण लिहायची, अशी ही रीत. कैक शतके या पोथ्या बाहेरच्यांना मुक्याच होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची किल्ली उलगडली. आत काय निघाले? मंत्रतंत्र नव्हे, तेराव्या शतकापासूनचे रसाळ मराठी वाङ्मय निघाले!

तिसरी गोष्ट चित्रांची. आंबोलीचा घाट उतरला, की सावंतवाडी. तिथली गंजिफा प्रसिद्ध आहे. दशावतारी गंजिफेत 120 गोल पाने. दहा अवतारांची प्रत्येकी बारा. राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. मत्स्याची खूण मासा, परशुरामाची परशू. दिवसा खेळ रामाच्या राजाने सुरू होतो, रात्री कृष्णाच्या. चित्रे देवादिकांची असली, तरी पाने खेळायचीच. ही कला मावळू लागली, तेव्हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात चिताऱ्यांना बसवून ती जगवली.

युरोपातल्या टॅरो पत्त्यांची हकीकत याहून मौजेची. ते 78 पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत निघाले, तेही खेळण्यासाठीच. 1781 साली कूर द जेबेलँ या फ्रेंच लेखकाने लिहिले, की हे प्राचीन मिसरी ज्ञानाचे पुस्तक आहे. मिसरी चित्रलिपी तर तेव्हा कुणालाच वाचता येत नव्हती; शांपोल्याँने ती उलगडली 1822 साली! पुढे 1850 नंतर एलिफास लेव्ही याने त्यातल्या 22 चित्रांची सांगड हिब्रूच्या 22 अक्षरांशी घातली, आणि किमयागारांची चिन्हेही त्यात दिसू लागली. खेळाच्या पानांवर भविष्य चढले ते असे.

तेव्हा खूण दिसली, की तीन प्रश्न विचारावेत : कुणी केली, केव्हा केली, किल्ली कुठे आहे? शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी एक गंमत जरूर करावी. वर्गात 'क'साठी 'ख', 'ख'साठी 'ग' अशी लिपी ठरवून मुलांना चिठ्ठ्या लिहायला लावाव्यात आणि एकमेकांच्या फोडायला सांगावे. ज्या मुलाने स्वतः लिपी बांधली आणि फोडली, त्याला न वाचता येणाऱ्या पानाचा धाक उरणार नाही.

आमच्या कोल्हापूरच्या गुजरीत सोने घेताना आपण ते कसाला लावून पाहतो, आणि सचोटीचा सराफ त्याला हरकत घेत नाही. दारात आलेल्या किमयागारालाही तेवढेच विचारावे. किल्ली दाखवायला जो तयार नसेल, त्याच्या हाती घरातला मणीसुद्धा देऊ नये.