हें अनुदान भिक्षा नव्हे
(वृद्ध, अपंग व निराधार यांच्या हक्कांसंबंधीं गांवच्या सभेंत झालेलें व्याख्यान)



आज मी ज्या माणसांविषयीं बोलणार आहें, तीं या सभेंत आलेलीं नाहींत. तीं घरीं आहेत. सोप्यांत खाटेवर पडलेला म्हातारा, दिसत नाहीं म्हणून चुलीपासून दूर बसविलेली आजी, एका पायानें अधू असलेला पोरगा. तीं सभेस येत नाहींत, म्हणून सभेंत त्यांचें नांव निघत नाहीं. आणि नांव निघत नाहीं, म्हणून सरकारी यादींतही तें चढत नाहीं.

पेशवाईंत पुण्यास पर्वतीखालच्या रमण्यांत श्रावणमासीं ब्राह्मणांस दक्षिणा वांटीत. ती दक्षिणा कुणब्याच्या साऱ्यांतून निघे, पण तिच्या वांटणींत कुणब्याच्या आंधळ्या बापाला जागा नव्हती. आज महाराष्ट्र सरकारच्या एका योजनेस श्रावणबाळाचें नांव आहे, आणि तिच्यांत जात विचारीत नाहींत, गरज विचारतात. हा फरक थोडका नव्हे. १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या ४१ व्या कलमांत म्हातारपण, आजार व अपंगत्व यांत सरकारनें आपल्या ऐपतीप्रमाणें साह्य करावें, असें स्पष्ट लिहिलें आहे. त्या कलमावर कोर्टांत दावा लागत नाहीं हें खरें. पण साबणाची वडी घेतांना तुम्ही जो कर भरतां, त्यांतूनच हें साह्य होतें. मग तें घेतांना मान खालीं कां घालावी?

कित्येक घरांत असें बोलतात कीं, "आमच्या म्हाताऱ्याला सरकारचें अन्न? लोक काय म्हणतील?" लोकांचें सोडा. जोतीराव फुले यांस १८८८ सालीं अर्धांगवायूचा झटका आला व उजवा हात निकामी झाला. त्यांनीं डाव्या हातानें 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहून पुरें केलें. अंग अधू झालें म्हणजे माणूस टाकाऊ झाला, ही समजूत आपली नव्हे.

आतां कामाचें ऐका. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू आहे. पासष्ट वर्षांखालील निराधार, विधवा, परित्यक्ता, दुर्धर रोगानें पिडलेले व चाळीस टक्के किंवा जास्त अपंग, हे तिच्यांत येतात. पासष्ट पुरीं झालीं कीं श्रावणबाळ योजना. अर्ज तहसील कचेरींत द्यावयाचा. जुलै २०२३ पासून दोहोंची रक्कम महिना १००० ची १५०० रुपये झाली. आणि सप्टेंबर २०२५ मध्यें मंत्रिमंडळानें अपंगांसाठीं ती २५०० करण्याचें ठरविलें. केंद्र सरकारचा वांटा मात्र पाहण्यासारखा आहे. साठ ते एकुणऐंशी वर्षांच्या गरीब म्हाताऱ्यामागें तो महिना २०० रुपये. हा आंकडा २००६-०७ सालीं ठरला, आणि २०२५ पर्यंत तो तसाच राहिला. त्या सालापासून मिठापासून पायताणापर्यंत काय वाढलें नाहीं, तें तुम्हीच सांगा.

पण रकमेपेक्षां मोठा सांपळा उत्पन्नाच्या दाखल्यांत आहे. दारिद्र्यरेषेच्या यादींत नांव नसेल, तर सबंध कुटुंबाचें उत्पन्न वर्षाला २१,००० रुपयांच्या आंत पाहिजे. अपंगांस ही मर्यादा ५०,००० आहे. एकवीस हजार म्हणजे दिवसाला सत्तावन्न रुपये. सरकारनेंच रोजगार हमीच्या कामावर २०२५-२६ सालीं रोज ३१२ रुपये मजुरी ठरविली. म्हणजे घरांतील एका माणसानें वर्षांत अडुसष्ट दिवस खडी फोडली, कीं त्याची आई सरकारच्या हिशोबीं निराधार राहत नाहीं! एका हातानें काम द्यावयाचें आणि त्याच कामाच्या मजुरीवरून दुसऱ्या हातानें म्हातारीचें नांव खोडावयाचें, असा हा कायदा आहे. मग खरें बोलणारा बाहेर राहतो, आणि ज्याची दलालाशीं ओळख तो आंत जातो. आपल्याकडे म्हणतातच, आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें. येथें तर ती म्हण अक्षरशः खरी होते. ही मर्यादा वाढवा, असा ठराव प्रत्येक ग्रामसभेनें करून वर पाठविला पाहिजे. आणि अर्जाला पैसे लागतात असें सांगणाऱ्यास पहिल्यांदा पावती मागितली पाहिजे.

दुसरी अडचण अंगठ्याची. पूर्वीं सावकार अंगठा उठवून घेई आणि जमीन नेई. आतां यंत्र अंगठा नाकारतें आणि अनुदान अडतें. चाक फिरवून कुंभाराच्या बोटांवरच्या रेघा झिजतात, वाख वळून दोर करणाऱ्याच्या झिजतात, खुरपें धरून बाईच्या झिजतात. जन्मभर ज्यानें काम केलें, त्याचीच ओळख यंत्राला पटत नाहीं. अशा वेळीं घाबरून परत येऊं नका. डोळ्याच्या बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय आधारमध्यें आहे, ती मागा. आणि आतां पैसे थेट आधारला जोडलेल्या बँकखात्यांत जातात, तेव्हां खातें कोणतें जोडलें आहे तें आधीं विचारून घ्या. दुसऱ्याच खात्यांत पैसा साठतो आणि म्हातारी आपल्या जुन्या पासबुकाकडे पाहत बसते, असे प्रकार होतात.

अपंगांकरितां २०१६ चा कायदा आहे. त्यांत एकवीस प्रकारचीं अपंगत्वें मोजलीं आहेत. केवळ आंधळा, पांगळा, मुका एवढेंच नव्हे; सिकलसेल, मनाचे आजार, कुष्ठरोगांतून बरे झालेले, हेही त्यांत आहेत. सरकारी रुग्णालयांतील डॉक्टर तपासून टक्केवारी ठरवितात व देशभर चालणारें एक कार्ड मिळतें. त्यावर निळी पट्टी असेल तर ऐंशी टक्के व वर, पिवळी असेल तर चाळीस ते ऐंशीच्या मधलें. डिसेंबर २०२२ मध्यें महाराष्ट्रानें या लोकांसाठीं दिव्यांग कल्याण विभाग वेगळा काढला. 'दिव्यांग' हें नांव मोठें गोड आहे. पण कचेरीला जावयाच्या पायऱ्या चढतांना गोड नांवाचा आधार मिळत नाहीं, कठड्याचा मिळतो. २०११ च्या शिरगणतींत महाराष्ट्रांत २९ लाखांवर अपंग मोजले गेले. ग्रामपंचायतीनें स्वतःच्या उत्पन्नांतून पांच टक्के रक्कम त्यांच्यावर खर्च करावी असा सरकारचा हुकूम आहे. आपल्या पंचायतीनें ती कोणावर खर्च केली, हें ग्रामसभेंत सरपंचांस विचारावें. विचारण्यांत भांडण नाहीं.

शेवटीं एक नाजूक गोष्ट. सगळा दोष सरकारच्या माथीं मारून चालणार नाहीं. सातबाऱ्यावर पोराचें नांव चढलें, कीं दुसऱ्या वर्षीं बापाचें ताट गोठ्यांत जातें, अशीं घरें आपल्यांतही आहेत. २००७ च्या कायद्यानें आईबापांस प्रांताधिकाऱ्यांपुढें पोटगी मागतां येते. महिना १०,००० रुपयांपर्यंत हुकूम होऊं शकतो. स्वतः जातां येत नसेल तर दुसऱ्यानें त्यांच्यावतीं अर्ज द्यावा. आणि जमीन किंवा घर मुलाच्या नांवें बक्षीस करावयाचें झालें, तर 'मरेपर्यंत सांभाळ करीन' ही अट बक्षीसपत्रांत लिहून घ्या. अट असून सांभाळ झाला नाहीं, तर तें बक्षीसपत्र रद्द करून घेतां येतें. अट तोंडीं राहिली तर प्रांतापुढें हात चोळीत बसावें लागतें. मुलावर अविश्वास दाखवावा कसा, असें बायांना वाटतें. ज्या मुलाच्या मनांत सांभाळावयाचें आहे, त्याला ही एक ओळ जड जाणार नाहीं.

कोणाला अर्ज कोठें द्यावा हें कळत नसेल, तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठींचा फुकट फोन आहे. सभा संपल्यावर येथें ओट्यावर दोन शिकलेलीं मुलें बसतील. शिधापत्रिका, आधार, वयाचा पुरावा आणि पासबुक ज्यांच्याजवळ असेल त्यांनीं दाखवावें; अर्ज येथेंच लिहिले जातील. आणि जे आज घरीं खाटेवर आहेत, त्यांचीं नांवें शेजाऱ्यांनीं सांगावीं.