डोहाळजेवणाच्या महिन्यातलं इंजेक्शन

लोणंद म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात : माउलींच्या पालखीचा मुक्काम आणि कांद्याचा बाजार. माझ्या दवाखान्यात हा बाजार खोकल्याच्या रूपानं येतो. कांद्याची फोलपटं आणि गोणीची धूळ घशात जाते. काही वर्षांपूर्वी बाजारात काम करणारा एक तरुण आला. दोन आठवडे खोकला होता, उबळ थांबत नव्हती. मी धुळीचा खोकला समजून औषध दिलं. घरात तान्हं बाळ आहे का, हे विचारायचं मला सुचलं नाही.

दहा दिवसांनी त्याची बहीण बाळाला घेऊन आली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, बाळ जेमतेम तीन आठवड्यांचं. खोकला फारसा नव्हता. पण दूध पिताना मधेच त्याचा श्वास थांबायचा, ओठ निळे पडायचे. तो डांग्या खोकला होता. बाळाला लगेच साताऱ्याला पाठवलं. दोन आठवड्यांनी ते सुखरूप घरी आलं. मामाला न विचारलेला तो प्रश्न मात्र माझ्या मनातून गेलेला नाही.

मोठ्या माणसात डांग्या खोकला म्हणजे नुसता चिवट खोकला. लहानपणीच्या लसीचा जोर काही वर्षांत ओसरतो आणि घरचंच माणूस नकळत जंतू घरात आणतं. तान्ह्या बाळाच्या मात्र तो जिवावर बेतू शकतो. बाळाची या रोगावरची पहिली लस असते सहा आठवड्यांनी, पुढच्या दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यांत. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही. पण खोकणारा मामा तर उंबऱ्याच्या आतच असतो! तोवर बाळाला जपणार कोण? त्याची आई, आणि तेही बाळ पोटात असतानाच.

गरोदरपणाच्या २७ ते ३६ आठवड्यांत आईनं 'टीडॅप' ही लस घेतली, की तिच्या अंगात तयार झालेली प्रतिकारशक्ती वारेतून बाळाला मिळते. त्याला पंधरा दिवस तरी लागतात, म्हणून शेवटपर्यंत थांबू नये. इंग्लंडमध्ये २०१२ साली या रोगानं १४ तान्ही बाळं दगावली. त्याच वर्षी ब्रिटननं गरोदर स्त्रियांना लस देणं सुरू केलं. लस घेतलेल्या मातांच्या बाळांना पहिल्या दोन-तीन महिन्यांत नव्वद टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळाल्याचं तिथं दिसलं.

"मी तर इंजेक्शन घेतलंय," असं अनेकजणी सांगतात. सरकारी कार्यक्रमातलं 'टीडी' धनुर्वात आणि घटसर्पावरचं असतं. डांग्या खोकल्याचा भाग त्यात नाही. टीडॅप बहुतेक खासगी दवाखान्यातच मिळते आणि तिला पैसे पडतात. आपल्या डॉक्टरांना नाव घेऊन विचारा. या लसीत जिवंत जंतू नसतात. दंड दुखतो, क्वचित अंग कसकसतं, इतकंच. मात्र प्रत्येक गरोदरपणात ती नव्यानं घ्यावी लागते.

बाळ घरी आल्यावर खोकणाऱ्यानं, मग ती आजी असो वा मामा, त्याला उचलू नये, पापा घेऊ नये आणि डॉक्टरांना दाखवावं.

आता खोकणारा कोणीही आला, की घरात तान्हं बाळ आहे का, हे मी आधी विचारतो. आणि सातव्या महिन्यात कुणी डोहाळजेवणाचं आमंत्रण घेऊन आलं, की म्हणतो, "येतो की! पण टीडॅप झाली का?"