वरच्या खोल्यांचा पत्ता

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषण करणे माझे काम नव्हे. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "घराचा एक भाग भाड्याने द्यायचा तर काय काय करावे, हे विचारायला सारी गल्ली तुमच्याकडे येते. तेच आज सांगा." म्हणून उभी राहिले. चुकले तर सांभाळून घ्या.

आमचे घर आपल्या मिरजेतलेच. पतसंस्थेचे कर्ज काढून आम्ही वर दोन खोल्या चढवल्या, बाहेरून जिना घेतला. खाली आपण राहावे, वर भाडेकरू ठेवावा आणि भाड्यातून हप्ता जावा, असा आमचा हिशेब. २०२१ साली वर एक बाई आल्या. एका दवाखान्यात आयाचे काम करीत. बरोबर पाच वर्षांची मुलगी. स्वभावाने गरीब, भाडे वेळच्या वेळी.

मी त्यांना पहिल्याच दिवशी बजावले होते, "राहा सुखाने, पण आमचा पत्ता कुठल्या कागदावर लावू नका. लिहापढी काही नको, तोंडी राहू द्या." सासूबाईंनी मला तसेच शिकवले होते. त्यांच्या माहेरच्या वाड्यातल्या खोल्या १९४७ च्या भाडेकायद्यात अडकल्या. भाडे वाढेना, खोल्या सुटेनात. ते दुःख त्यांनी जन्मभर सांगितले. त्यामुळे कागद केला की घर गेले, असे माझ्या मनात पक्के बसले होते.

पुढच्या वर्षी त्या बाई मुलीच्या शाळेसाठी माझ्याकडे आल्या. शिक्षणहक्काच्या कायद्याने खाजगी शाळांना सुरुवातीच्या वर्गात २५ टक्के जागा गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात. अर्जाला राहत्या जागेचा पुरावा लागतो, आणि भाड्याने राहणाऱ्याला नोंदलेला करार. त्या म्हणाल्या, "ताई, करार करून द्याल का? खर्च मी करते." मी म्हटले, "ह्यांना विचारून सांगते." विचारले, पण भीतीने चार दिवस घालवले, मग आठवडा गेला. शेवटी अर्जाची मुदत संपली.

चिठ्ठीत तिचे नाव निघालेच असते असे नाही. पण माझ्यामुळे चिठ्ठीच टाकता आली नाही. त्या बाई भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरे झाले असते. पुढे त्या दवाखान्याजवळ राहायला गेल्या. मुलगी जाताना मला टाटा करून गेली. ते आजही डोळ्यांपुढे येते.

त्यानंतर मी ह्यांना घेऊन वकिलांकडे गेले. त्यांनी सांगितलेले ऐकून मी कपाळाला हात लावला. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने करार लेखी करणे आणि नोंदवणे ही घरमालकाचीच जबाबदारी आहे. न नोंदवल्यास पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, नाही तर दोन्ही होऊ शकते. शिवाय वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात. आणि लिव्ह-लायसन्सच्या करारात मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर दुप्पट भाडे मागता येते. म्हणजे ज्या कागदाला मी भीत होते, तोच घराला राखणारा होता!

आता कामाचे सांगते. मी ज्या क्रमाने केले त्याच क्रमाने ऐका.

पहिला करार. एजंट यंत्र घेऊन घरीच येतो. अंगठा आणि फोटो घेतो. नोंदणी फी शहरात हजार रुपये, खेड्यात पाचशे. स्टॅम्प वेगळा आणि एजंटचे पैसे वेगळे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यातही कळवावी.

दुसरा पत्ता. घरनंबर एकच असला तरी पुढे "पहिला मजला" लिहावे आणि सगळीकडे अक्षरशः तेच लिहावे. करारात एक, गॅसच्या अर्जात दुसरे, असे झाले की हेलपाटे आलेच. जिन्याशी मी पत्र्याची छोटी पेटी लावली आणि तिच्यावर भाडेकरूचे नाव घातले. पोस्टमन आता आमची दारे चुकत नाही.

तिसरी वीज. एका मीटरवर दोन चुली चालवू नयेत. का ते सांगते. घरगुती विजेला पहिल्या १०० युनिटांना एक दर आणि १०१ ते ३०० पर्यंत जवळजवळ दुप्पट दर. आमचे ९० आणि त्यांचे ६० युनिट एका मीटरवर आले की १५० होतात. वरचे ५० महाग दराने पडतात. मग ते कोणी भरायचे, ही तंटा-बखेड्याची मुळी. वेगळ्या मीटरला स्थिर आकार वेगळा पडतो हे खरे, पण भांडण वाचते. वरची वायरिंग स्वतंत्र करून लायसनवाल्या वायरमनचा दाखला जोडून अर्ज केला. भाडेकरू यायच्या आधीच हे करावे. मीटर आमच्याच नावावर आहे. बिल ते भरतात आणि जाताना शेवटचे रीडिंग दोघांनी मिळून लिहायचे.

पाणी नगरातले एकच. वर वेगळी टाकी बसवली. मोटर सकाळी आम्ही लावायची आणि पाणीपट्टी माणसांच्या प्रमाणात, असे करारातच लिहिले. गॅस मात्र भाडेकरूने स्वतःच्या नावाने घ्यावा. आपली टाकी उसनी देऊ नये. नोंदलेला करार तिथेही पुरावा म्हणून चालतो.

आता वर एक नवरा-बायको आणि त्यांचा मुलगा राहतात. पहिल्याच आठवड्यात करार नोंदवून मी त्यांच्या हातात दिला. बाईंनी तो डोळ्यांजवळ धरून स्वतःच्या नावापुढचा पत्ता वाचला आणि पुन्हा वाचला.

भगिनींनो, आपण खोली देतो, नळ देतो, दिवा देतो. पण पत्ता द्यायला आपला हात आखडतो. पत्त्यावाचून शाळा नाही, गॅस नाही, टपाल नाही. खोली देणार असाल तर पत्ताही द्या. न्याय्य कागद करून द्या म्हणजे तुम्हीही निर्धास्त आणि तेही निर्धास्त. मला हे एक वर्ष उशिरा समजले, आणि त्या एका वर्षाची किंमत दुसऱ्याच्या लेकराने भरली.