दोष कोणाचा हे नको, धोका आणखी कोणाला ते विचारा
(महिला आरोग्य शिबिरातल्या भाषणाचं शब्दांकन)



घरातला पंचविशीचा धडधाकट मुलगा उभ्या उभ्या कोसळतो आणि जातो. तेराव्यापर्यंत एकच चर्चा चालते. नवी सून असेल तर ती पांढऱ्या पायाची. आई असेल तर तिच्या माहेरचंच काहीतरी. मुलगी गेली तर तिच्याविषयी नाही नाही ती कुजबुज. दोष कोणाचा हे सगळे विचारतात. घरात आणखी कोणाला हा धोका आहे, हे मात्र कोणीच विचारत नाही. तो प्रश्न विचारला तर मागे राहिलेलं भावंड वाचू शकतं, म्हणून आज त्याविषयी बोलायचं आहे.

तरुण वयातल्या अशा मृत्यूंमागे पुष्कळदा हृदयाचा आनुवंशिक विकार असतो. एका प्रकारात हृदयाचा स्नायू जाड होतो. दुसऱ्याला 'लाँग क्यूटी' म्हणतात. हृदय विजेच्या लहरींवर चालतं. प्रत्येक ठोक्यानंतर पुढच्यासाठी सज्ज व्हायला त्याला जो वेळ लागतो, तो या विकारात लांबतो. मग एखाद्या क्षणी लय बिघडते आणि हृदय नुसतं थरथरत राहतं. मेंदूला रक्त पोचत नाही. काही सेकंदांत लय सावरली तर माणूस शुद्धीवर येतो, नाही सावरली तर जातो. रक्तवाहिनी तुंबून येणारा हार्ट अटॅक वेगळा, हे वेगळं.

म्हणजे मृत्यूच्या आधी अनेकदा सूचना मिळालेली असते. ती आपण कशी वाचतो? मुलगी बेशुद्ध पडली, हातपाय झटकले, की फेफरं म्हणायचं आणि कांदा हुंगवायचा. नाहीतर अंगात आलं म्हणून देवऋष्याकडे न्यायचं, किंवा 'नाटकं करते' म्हणायचं. डॉक्टरांकडे नेलं तरी कधी कधी फिटच्या गोळ्या सुरू होतात आणि हृदय तपासायचं राहून जातं. शिवाय लग्न जमायचं असतं, म्हणून तोंडावर बोट! मुलीची चक्कर लपवून तिची सोयरीक वाचत असेल, जीव वाचत नाही.

प्रत्येक चक्कर धोक्याची नसते. रांगेत उभं राहून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, हे बहुधा साधं असतं. पण धावताना, पोहताना, घाबरल्यावर, किंवा घड्याळाचा गजर, फोनची घंटा अशा अचानक आवाजानं शुद्ध हरपली, काही कळायच्या आत माणूस कोसळला, तर ईसीजी काढलाच पाहिजे. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. स्नायूसाठी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टू-डी एको करतात. एक ईसीजी चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नये. घरात असा मृत्यू झाला असेल तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगावा.

हे विकार बहुतेक वेळा आईकडून किंवा वडिलांकडून, सारख्याच रीतीनं येतात. दोघांपैकी एकाला असला, की प्रत्येक मुलामुलीला तो येण्याची शक्यता निम्मी. ज्याच्याकडून आला त्याला आयुष्यभर काही त्रास झालेला नसेल. मग यात आईचं माहेर कुठे आलं आणि सुनेचा पायगुण कुठे आला? सून तर रक्ताच्या नात्यातलीही नाही! तपासायचं ते आईवडील, भावंडं आणि मुलं यांना.

१९५७ साली नॉर्वेत एका कुटुंबातली जन्मतः बहिरी मुलं वारंवार बेशुद्ध पडत असल्याची नोंद झाली. हा लाँग क्यूटीचाच एक विरळ, पण गंभीर प्रकार. त्यात दोष आई आणि वडील दोघांकडूनही यावा लागतो. म्हणून नात्यातल्या लग्नांत त्याचा संभव वाढतो. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत आहे, तेव्हा बहिऱ्या लेकराला चक्कर आली तर हे ध्यानात ठेवा.

औषध आहे का? आहे. लाँग क्यूटीत प्रोप्रॅनोलॉलसारख्या स्वस्त गोळ्यांनी पुष्कळांचा धोका बराच कमी होतो. काहींना छातीत झटका देणारं यंत्र बसवावं लागतं, ते महाग आहे. काही अँटिबायोटिक आणि इतर गोळ्या या रुग्णांना घातक ठरतात. म्हणून कोणतंही औषध घेण्याआधी विकार सांगावा. बायकांनी आणखी एक लक्षात ठेवायचं. लाँग क्यूटीच्या एका प्रकारात बाळंतपणानंतरचे महिने जास्त धोक्याचे असतात. आणि आपल्याकडे नेमक्या तेव्हाच 'दूध पाजतेस ना' म्हणून बाळंतिणीच्या गोळ्या बंद करतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या बंद करायच्या नाहीत.

आणि समोर कोणी कोसळलं, हाक मारून उठत नाही, नीट श्वास घेत नाही, तर कांदा आणि चप्पल शोधू नका. एकीनं १०८ ला फोन करावा. दुसरीनं छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोरात दाबावं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. अमेरिकेत २०१७ साली मांडलेल्या एका अभ्यासात सार्वजनिक जागी कोसळलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना ही मदत मिळाली, बायकांपैकी ३९ टक्क्यांना. बाईच्या छातीला हात कसा लावायचा, हा संकोच तिथेही दिसतो. आपण बायकाच हे शिकलो तर तो मोडेल.

गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आठवून सांगायचं: आपल्या घरात चाळिशीच्या आत अचानक कोण गेलं? कोणाला चक्कर येते? यादी करू या, आणि सोबतीनं ईसीजी काढायला जाऊ या.