शाळेचा निधी कसा जमवावा?



आपल्या बडोद्यात श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. राजा पाठीशी असला म्हणजे पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरावे लागत नाही. आपणांस फिरावे लागते. तेव्हा कसे फिरावे, एवढेच सांगतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातील मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. खेड्यांतील घरांनी मूठमूठ धान्य दिले. मूठ लहान खरी, पण देणाऱ्या घराला शाळा आपली वाटू लागली.

याच्या उलटही मी पाहिले आहे. एका शाळेने नाटकाची तिकिटे मुलांच्या हाती दिली. एका मुलाची एकही खपली नाही. अखेर त्याच्या आईने उसने पैसे काढून ती स्वतःच घेतली. नाटक रंगले, निधी जमला; ती माउली मात्र पुन्हा शाळेत फिरकली नाही.

म्हणून चार पथ्ये पाळू या. आधी काम ठरवावे, मग रक्कम. मांडव, छपाई, चहापाणी यांच्या खर्चाला प्रथमच मर्यादा घालावी. तिकिटे मोठ्यांनीच खपवावीत. आणि आठ दिवसांत पैन् पैचा हिशेब फळ्यावर लावावा. त्यात पाच रुपये देणाऱ्याचेही नाव असावे.

एवढे केले, तर पुढच्या वर्षी त्याच दारी जाताना आपणांस संकोच वाटणार नाही.